लाल लघवी, तीन संशय आणि गव्हाणीतला कांदा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रकरण पुणे जिल्ह्याच्या उत्तर पट्ट्यातलं, ऑगस्ट महिन्यातलं. पशुवैद्यकीय पदवीच्या साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. त्या वर्षातली एक विद्यार्थिनी आणि तिचे चिकित्साशास्त्राचे प्राध्यापक फिरत्या दवाखान्याबरोबर गोठ्यावर गेले होते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

गोठ्यात चार जनावरं. आजारी होती ती होल्स्टिन संकरित गाय, तिसऱ्या वेताची, व्यायल्याला २४ दिवस झालेली. दूध १६ लिटरवरून दोन दिवसांत ४ लिटरवर आलेलं. मालकाची तक्रार एका वाक्याची: "मॅडम, गाय कालपासून लाल मुततेय."

आदल्या संध्याकाळी गावातल्या एका खासगी उपचारकाने दोन इंजेक्शनं दिली होती. रिकाम्या बाटल्या मालकाने खिडकीत जपून ठेवल्या होत्या, हे नशीब. एक मेलॉक्सिकॅम, म्हणजे तापही उतरवणारं वेदनाशामक, दुसरं टोल्डिमफॉस, म्हणजे गावात ज्याला 'फॉस्फरसचं इंजेक्शन' म्हणतात ते, २० मिली.

वजन टेपने काढलं. छातीचा घेर ६८ इंच, लांबी ५८ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ३०० म्हणजे ८९४ पौंड, सुमारे ४०५ किलो. पुढच्या सगळ्या मात्रा याच आकड्यावर बेतल्या.

अडचण

ताप १०२.२ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ९२, श्वास ३६. डोळ्यांची आणि योनीमार्गाची त्वचा पांढुरकी, किंचित पिवळसर. रवंथ मंद. कासेच्या मागे आणि कानात थोडे गोचीड. लघवी काळ्या चहासारखी, वर फेस.

पहिलं काम लघवीचं. हातमोजे घालूनच, कारण लाल लघवीच्या संशयितांच्या यादीत लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोगही आहे आणि तो माणसाला होतो. पारदर्शक बाटलीत धरलेली लघवी अर्धा तास न हलवता ठेवली. तळाशी लाल थर बसला नाही, रंग एकसारखा राहिला, म्हणजे लघवीत अख्ख्या तांबड्या पेशी नव्हत्या. मग हिमोग्लोबिन की स्नायूंतलं मायोग्लोबिन? त्याचं उत्तर रक्ताच्या नळीत मिळतं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, गुलाबी दिसलं, तर पेशी रक्तवाहिनीतच फुटताहेत. इथे ते गुलाबी नव्हे, चक्क डाळिंबाच्या रसासारखं होतं.

इथवर विद्यार्थिनी बरोबर चालली होती. अडचण पुढे. रक्तवाहिनीत पेशी फुटण्याची तीन कारणं या गाईला एकाच वेळी लागू पडत होती.

पावसाळा, गोचीड, पांढरी पडलेली गाय: बबेसिओसिस, म्हणजे गोचिडांतून येणाऱ्या बबेसिया या तांबड्या पेशीतल्या परजीवीचा रोग. त्यात ताप १०४ ते १०७ पर्यंत जातो. इथे ताप नव्हता, पण मेलॉक्सिकॅम देऊन जेमतेम चौदा तास झाले होते. म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा गाईचा होता की औषधाचा, हे सांगता येत नव्हतं.

व्यायल्यानंतर दोन ते चार आठवडे, दुधाळ गाय, वैरणीत मुख्यतः उसाचं वाढं: फॉस्फरसच्या कमतरतेतून होणारं प्रसूतीनंतरचं रक्तविघटन. पाठ्यपुस्तकातलं वर्णन जणू याच गोठ्यावरून लिहिलेलं.

तिसरं कारण ऑक्सिडेशनचं, म्हणजे काही वनस्पती खाल्ल्याने तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडणं. ते विद्यार्थिनीच्या यादीत शेवटी होतं, कारण "चारा काय घालता?" या प्रश्नाला मालकाने "वाढं, मका, सरकी पेंड, नेहमीचंच" असं उत्तर दिलं होतं.

समोरचे पर्याय

पर्याय एक: बबेसिओसिस धरून त्यावरचं औषध, डायमिनाझिन, लगेच टोचणं. मात्रा किलोला ३.५ मिलिग्रॅम, म्हणजे ४०५ किलोला १,४१८ मिलिग्रॅम. मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमचं द्रावण असेल तर २० मिली, खोल स्नायूत, दोन जागी विभागून. उंटात आणि कुत्र्यात हे औषध जपून वापरावं लागतं, गाईत या मात्रेला ते बऱ्यापैकी निर्धोक आहे. मालकाचीही हीच अपेक्षा होती. शेजारच्या गावात लाल मुतणारी गाय याच 'पिवळ्या इंजेक्शनने' बरी झाली होती.

पर्याय दोन: फॉस्फरसची कमतरता धरून सोडियम ॲसिड फॉस्फेट, ६० ग्रॅम ३०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये, शिरेतून सावकाश.

पर्याय तीन: आधी नमुने, मग काच (रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची), मग औषध. तासभर थांबणं.

पर्याय चार: नमुने घेऊन लगेच डायमिनाझिन देणं आणि काच नंतर बघणं. तालुक्याच्या दवाखान्यात दिवसाला चाळीस जनावरं बघणारा पशुवैद्य हा पर्याय निवडेल आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. चूक ठरते ती नमुना न घेता टोचण्याची. डायमिनाझिन दिल्यावर एक-दोन दिवसांत परजीवी रक्तातून दिसेनासे होतात. मग काच कोरी निघाली, तर रोग नव्हता की औषध लागू पडलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

प्राध्यापकांनी तिसरा पर्याय घेतला. गाय उभी होती, नाडी शंभरच्या आत होती, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, १५ टक्के होतं (निरोगी गाईत २४ ते ४६). तासाभरात ती जाणार नव्हती. नाडी ११० आणि गाय बसलेली असती, तर चौथा पर्याय घ्यायचा असं त्यांनी विद्यार्थिनीला तिथेच सांगून ठेवलं.

फॉस्फरसच्या इंजेक्शनबद्दल थोडं विषयांतर, कारण औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत यावर हमखास दांडी उडते. टोल्डिमफॉसच्या २० टक्के द्रावणाचे २० मिली म्हणजे ४ ग्रॅम औषध. त्यात फॉस्फरसचं वजन सुमारे १४ टक्के, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम. सोडियम ॲसिड फॉस्फेटच्या (दोन पाण्याचे रेणू असलेल्या) ६० ग्रॅममध्ये तोच हिशोब १२ ग्रॅमच्या आसपास जातो. शिवाय टोल्डिमफॉस आणि तशाच ब्युटाफॉस्फन या औषधातला फॉस्फरस कार्बनला बांधलेला असतो. गाईच्या शरीराला हवं असतं फॉस्फेट. बाटलीवर फॉस्फरस लिहिलेलं आहे म्हणून कमतरता भरून निघत नाही. तेव्हा 'काल फॉस्फरस दिला तरी गाय सुधारली नाही' यावरून फॉस्फरसची कमतरता नाही असं म्हणता येत नव्हतं. काल दिलेल्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

काय केलं

कानाच्या टोकाला टोचून पहिल्या थेंबाच्या दोन काचा केल्या. मानेच्या शिरेतून एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) नळी आणि दोन साध्या नळ्या. काचा मिथेनॉलमध्ये ३ मिनिटं, मग १० टक्के गिम्सा या रंगात ३० मिनिटं. गिम्सा पातळ करायला बफर ७.२ सामूचा हवा. नळाच्या पाण्यात केलेला गिम्सा कधी निळाशार, कधी गुलाबी येतो आणि परजीवी ओळखू येत नाहीत.

काचेवर बबेसिया नव्हता. बबेसिया बायजेमिना दिसतो तेव्हा चुकवणं कठीण असतं: पेअरसारखी दोन टपोरी रूपं, टोकं एकमेकांना टेकून लघुकोनात बसलेली. गोचिडांतूनच येणारा दुसरा परजीवी, थायलेरिया, तोही नव्हता. विद्यार्थिनीने वहीत लिहिलं: 'परजीवी नाहीत. पेशींच्या कडेला फिकट फुगवटे, बहुधा रंगाचा दोष.'

हे दुसरं वाक्य या प्रकरणाचं वळण. रंगाचा साका पेशींच्या बाहेरही पडतो, आणि सूक्ष्मदर्शकाचं फोकस हलवलं की पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर दिसतो. हे फुगवटे फक्त पेशींनाच होते, पेशीच्याच पातळीवर, आणि प्रत्येकी एकच, भाकरीच्या कडेला फुटलेल्या पापुद्र्यासारखे. त्यात भर म्हणून ॲनालायझरने हिमोग्लोबिन ७.१ ग्रॅम दाखवलं होतं. हिमॅटोक्रिट १५ आणि हिमोग्लोबिन ७.१ म्हणजे एमसीएचसी (पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ४७. पेशीत इतकं हिमोग्लोबिन मावतच नाही. आकडा ३६ च्या पुढे गेला की एक तर हिमोग्लोबिन पेशीबाहेर आहे किंवा यंत्राला काहीतरी गढूळ दिसतं आहे. इथे दोन्ही होतं.

हे फुगवटे म्हणजे हाइन्झ बॉडी, बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे, असा संशय होता; ते पक्कं करायला न्यू मेथिलीन ब्लू हा रंग लागतो. तो पेटीत नव्हता. पण माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, मोजायला हाच रंग ठेवतात. तालुक्याच्या गावातल्या लॅबमधून मालकाच्या मुलाने मोटारसायकलवर जाऊन चाळीस मिनिटांत छोटी कुपी आणली. ईडीटीएचं रक्त आणि रंग समसमान थेंब, १५ मिनिटं ठेवून काच ओढली. हजार पेशींत ३८ टक्के पेशींना गडद निळा गोळा चिकटलेला.

आता प्रश्न पुन्हा विचारायचा होता, पण वेगळ्या शब्दांत. प्राध्यापक गव्हाणीपाशी गेले, वाढ्याखाली हात घातला आणि विचारलं, "दादा, गेल्या पंधरा दिवसांत या गव्हाणीत काय काय पडलं?"

"चारा सांगितला की मघाशी."

"चारा सोडून?"

"चारा सोडून… चाळीतला सडका कांदा टाकतोय आठवडाभर. भाव नाही, उकिरड्यावर तरी किती टाकणार?"

मालक काही लपवत नव्हता. त्याच्या लेखी कांदा हा चारा नव्हताच, तो टाकाऊ माल होता. जुन्नर, खेड, आंबेगाव, शिरूर या भागात उन्हाळ्यात चाळीत भरलेला कांदा पावसाळी हवेत सुटतो, आणि भाव पडला की तो जनावरांपुढे जातो. दिवसाला तीन पाट्या, पाटीत ११–१२ किलो, बहुतेक या एकाच गाईला, कारण ती दुभती. म्हणजे ३५ किलो. कांद्यात कोरडा भाग साधारण १२ टक्के, तेव्हा ४.२ किलो. गाईचा रोजचा एकूण कोरडा आहार १२ किलोच्या आसपास, म्हणजे कांदा एक तृतीयांशाहून जास्त. गाईगुरांना मिसळून दिला तरी कांदा कोरड्या आहाराच्या २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं मानतात. त्यातून सवय न लावता, एकदम. कांद्यातल्या गंधकयुक्त संयुगांपासून कोठीपोटातले जिवाणू डायसल्फाइडं बनवतात. ती तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडवतात, त्याचा गोळा होऊन कडेला चिकटतो आणि पेशी फुटते. पाळीव रवंथ करणाऱ्यांत गाय याला सर्वांत नाजूक, शेळी-मेंढी बरीच सोशिक.

मग एक गोष्ट मालकाच्या बायकोने आपणहून सांगितली. डेअरीवाल्याने चार दिवसांपूर्वीच दुधाला कांद्याचा वास येतो म्हणून कुरकुर केली होती. हे कोणी विचारलंच नव्हतं.

उपचाराचे निर्णय असे झाले. कांदा त्याच क्षणी बंद. डायमिनाझिन दिलं नाही. मेलॉक्सिकॅम पुन्हा द्यायचं नाही, कारण हिमोग्लोबिन गाळून थकलेल्या मूत्रपिंडावर वेदनाशामकाचा भार नको, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून २.४ होतं. शिरेतून १० लिटर नॉर्मल सलाइन, नळीने पोटात २० लिटर कोमट पाणी. विद्यार्थिनीने मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन सुचवलं होतं. नायट्रेटच्या विषबाधेत ते बरोबर औषध, पण स्वतः ऑक्सिडंट असल्याने इथे हाइन्झ बॉडी वाढवू शकतं. काचेवर रंगवायला तोच मेथिलीन ब्लूचा भाऊबंद हवा आणि शिरेत नको, हे तिला आयुष्यभर लक्षात राहावं.

फॉस्फेटचा निर्णय तितका सरळ नव्हता. सीरम फॉस्फरस ४.६ मिलिग्रॅम आला, म्हणजे वरवर ठीक. पण फुटलेल्या पेशींतलं फॉस्फेट सीरममध्ये उतरतं आणि आकडा फुगतो. नळी यंत्रात फिरवून सीरम वेगळं करायला उशीर झाला तरी तेच. म्हणून गोठ्यातल्या दुसऱ्या, रक्त न फुटलेल्या गाईचा नमुना बघितला, ५.१ आला. तो आधार पुरेसा धरून शिरेतून फॉस्फेट दिलं नाही. सोडियम ॲसिड फॉस्फेट ६० ग्रॅम रोज तोंडाने, तीन दिवस. स्वस्त, आणि अंदाज चुकला तरी नुकसान नाही.

दुसऱ्या दिवशी हिमॅटोक्रिट १३, तिसऱ्या दिवशी सकाळी ११. नाडी १०८, गाय उठायला नाखूष. पहिली घसरण काही अंशी सलाइनने रक्त पातळ झाल्याची होती, दुसरी खरी. रक्त देण्याची सीमा आधीच केसपेपरवर लिहून ठेवली होती: हिमॅटोक्रिट १२ च्या खाली आणि नाडी १०० च्या वर. त्यामुळे वाद झाला नाही.

किती द्यायचं? वजनाच्या ८ टक्के रक्त धरलं तर ३२.४ लिटर. ११ वरून १५ वर न्यायचं, दात्या गाईचं हिमॅटोक्रिट ३२. तेव्हा ३२.४ गुणिले ४ भागिले ३२, सुमारे ४ लिटर.

दाती म्हणून मालकाने गोठ्यातलीच शेजारची गाय सोडली होती, जिचं फॉस्फरस तपासलं होतं तीच. सुई लावण्याआधी विद्यार्थिनीने तिची काच न्यू मेथिलीन ब्लूमध्ये बघण्याचा आग्रह धरला. १४ टक्के पेशींना हाइन्झ बॉडी, हिमॅटोक्रिट २१. लघवी स्वच्छ होती म्हणून तिला कोणी आजारी म्हटलं नव्हतं. म्हणजे गोठ्यात कांदा सगळ्यांनीच कमी-जास्त खाल्ला होता. मग पलीकडच्या वस्तीवरची ४८० किलोची गाय घेतली. परजीवी नाहीत, ब्रुसेलाची रोझ बेंगाल चाचणी नकारार्थी. ३.८ टक्के सोडियम सायट्रेट ४०० मिली आणि रक्त ३.६ लिटर, एकास नऊ. दातीला किलोमागे ७.५ मिली गेलं, ते सोसतं.

गाईला पहिल्यांदाच रक्त देताना क्रॉसमॅच, म्हणजे रक्ताची जुळणी, नसला तरी बहुधा निभावतं, पण सुरुवात हळूच करायची. पहिली १५ मिनिटं थेंब थेंब, मिळून १०० मिली. थरथर, खोकला, अंगावर गांधी येतात का ते बघत, ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून. नंतर तासाला किलोमागे १० मिली. मधेच नळी तुंबली तेव्हा हाताशी असलेल्या रिंगर लॅक्टेटने ती धुवायचा बेत होता, तो वेळेवर अडवला. रिंगरमध्ये कॅल्शियम असतं आणि सायट्रेट कॅल्शियम बांधूनच रक्त पातळ ठेवतं. नळीत गुठळी झाली असती. रक्ताच्या नळीला नॉर्मल सलाइनच.

निष्पत्ती

रक्तानंतर हिमॅटोक्रिट १५, नाडी ८४. दिलेल्या पेशी गाईत दोन-चार दिवसच टिकतात, म्हणून पाचव्या दिवशी ते १४ वर आलं तेव्हा घाबरण्याचं कारण नव्हतं. बघायचं होतं ते नव्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेने काम सुरू केलं का. निरोगी गाईच्या रक्तात रेटिक्युलोसाइट दिसत नाहीत. पाचव्या दिवशी त्याच न्यू मेथिलीन ब्लूच्या काचेवर ते भरपूर होते, गिम्सामध्ये निळे ठिपके असलेल्या पेशीही. लघवी चौथ्या दिवशी स्वच्छ. हाइन्झ बॉडी दहाव्या दिवशी २ टक्के. हिमॅटोक्रिट आठव्या दिवशी १७, एकविसाव्या दिवशी २५. क्रिएटिनिन १.३. दूध महिन्याने ११ लिटरवर थांबलं, त्या वेतात १६ पुन्हा झालं नाही. पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्यात बबेसिया आणि थायलेरियाचा पीसीआर नकारार्थी आला, पण तो निकाल हाती येईपर्यंत गाय चरायला लागली होती.

दुसरी गाय नुसता कांदा थांबवल्याने सावरली.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

चाऱ्याचा प्रश्न बदलला पाहिजे. 'चारा काय?' याचं उत्तर मालकाच्या चाऱ्याच्या व्याख्येत अडकतं. 'गव्हाणीत काय पडलं?', 'दुधाला वास, चव बदलली का?', 'चाळीतला माल कुठे गेला?' हे प्रश्न थर्मामीटर लावण्याआधी विचारले असते, तर तासभर आणि मोटारसायकलची फेरी वाचली असती.

न्यू मेथिलीन ब्लू पेटीत असायलाच हवा. आता तो आहे.

१० लिटर सलाइन एका दमात देणं हा वादाचा मुद्दा राहिला. मूत्रपिंडासाठी ते हवं होतं, पण हिमॅटोक्रिट १५ असलेल्या गाईत अर्धं शिरेतून आणि उरलेलं पोटातून दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशीचा आकडा वाचणं सोपं गेलं असतं. प्राध्यापक आणि विद्यार्थिनी यांचं यावर एकमत झालेलं नाही.

गोठ्यातली बाकीची जनावरं पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती. दातीच्या निमित्ताने ती तपासली गेली, हा योगायोग.

मालकाचा शेवटचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता. चाळीत अजून वीसेक क्विंटल खराब कांदा पडून होता. या दोन गाईंना दोन महिने अजिबात नाही, गाभण जनावराला नाही, उरलेल्या एकीला कुट्टीत मिसळून दिवसाला पाच किलोच्या वर नाही, असं त्याला लिहून दिलं. त्या हिशोबाने वीस क्विंटल संपायला वर्ष लागलं असतं. त्याच आठवड्यात धनगराचा वाडा रानात उतरला होता. त्याने पाच क्विंटल मेंढ्यांसाठी मागितला. तो देताना मालकाने आधी फोन करून विचारलं. मेंढ्या सोशिक आहेत, पण पहिल्या दिवशी मूठ-मूठ, वाढवत न्यायचा, आणि मेंढरू लाल मुतलं तर त्याच दिवशी कळवायचं, असं सांगितलं.